फाल्केनबर्ग : सीमेपलीकडे जाण्यासाठी बांधलेलं छोटं डच स्टेशन

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली, ही तारीख आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. त्याच वर्षी, सहा महिन्यांनी, २३ ऑक्टोबरला नेदरलँड्सच्या पार दक्षिण टोकाला मास्ट्रिख्ट ते जर्मनीतलं आखेन हा रेल्वेमार्ग सुरू झाला. या मार्गावर फाल्केनबर्ग नावाचं एक छोटं गाव लागतं. तिथे तेव्हा बांधलेलं स्टेशन आजही उभं आहे, गाड्याही तिथेच थांबतात. नेदरलँड्समध्ये शिल्लक राहिलेल्या स्टेशनांच्या इमारतींमध्ये ही सगळ्यांत जुनी.

नेदरलँड्समधली पहिली गाडी १८३९ साली अ‍ॅमस्टरडॅम ते हार्लेम धावली होती. म्हणजे फाल्केनबर्गच्या आधी चौदा वर्षं त्या देशात रेल्वे होती आणि पश्चिमेकडच्या श्रीमंत शहरांमध्ये स्टेशनंही होती. पण शहरं वाढली, प्रवासी वाढले, आणि ती जुनी स्टेशनं पाडून मोठी बांधावी लागली. फाल्केनबर्गला तशी वेळ आली नाही. गाव लहान राहिलं, म्हणून स्टेशन वाचलं. पण या स्टेशनची खरी गोष्ट त्याच्या वयापेक्षा त्याच्या जागेत आहे. ते बांधलं गेलं ते स्वतःच्या देशात फिरण्यासाठी नाही, तर देशाबाहेर जाण्यासाठी. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत सीमा जशी घट्ट किंवा सैल होत गेली, तसे या फलाटाचे दिवस बदलत गेले.

१८३९ चा नकाशा

नेदरलँड्सचा नकाशा पाहिला तर दक्षिणेला बेल्जियम आणि जर्मनीच्या मध्ये शिरलेली एक चिंचोळी पट्टी दिसते. हा लिमबर्ग प्रांत. नेपोलियनच्या पाडावानंतर आजचा बेल्जियम आणि आजचं नेदरलँड्स मिळून एकच राज्य झालं होतं. १८३० साली बेल्जियमने उठाव केला, आणि लिमबर्गचा बहुतेक भाग त्यांच्या बाजूला गेला. मास्ट्रिख्ट शहरात मात्र डच राजाची शिबंदी तटबंदीआड ठाण मांडून बसली आणि शहर तिने सोडलं नाही. शेवटी १८३९ च्या लंडन तहात लिमबर्गचे दोन तुकडे झाले. मास नदीच्या पूर्वेचा भाग आणि मास्ट्रिख्ट शहर डच राजाकडे आलं, पश्चिमेचा भाग बेल्जियमला गेला.

त्यातही एक गुंता होता. डचांकडे आलेला हा भाग, मास्ट्रिख्ट आणि फेन्लो ही दोन शहरं वगळून, जर्मन राज्यांच्या महासंघातही सामील करण्यात आला. डच राजा तिथला ड्यूक म्हणून त्या महासंघाचा सभासद होता. हा महासंघ १८६६ मध्ये मोडेपर्यंत ही स्थिती टिकली. म्हणजे फाल्केनबर्गला स्टेशन झालं तेव्हा तिथला माणूस डच राजाची प्रजा होता आणि त्याचं गाव जर्मन महासंघातही मोडत होतं. आज हे वाचताना विचित्र वाटतं, पण ही रेल्वे पूर्वेकडे का वळली हे यातून सहज कळतं.

मास्ट्रिख्टची तर या वाटणीत पुरती कोंडी झाली. शतकानुशतकं ज्या लिएज शहराशी तिचा व्यापार चालत होता, ते आता जकातीच्या भिंतीपलीकडे, परक्या देशात गेलं. उत्तरेकडे, म्हणजे बाकीच्या नेदरलँड्सकडे जायला १८२६ साली खोदलेला झुइड-विलेम्स कालवा होता, पण कालव्यातल्या नावेचा वेग तो किती! अशा वेळी शहरात कारखानदारी उभी राहत होती. पेत्रुस रेगू याने १८३४ मध्ये काच कापण्याचा कारखाना काढला, पुढे चिनी मातीची भांडी बनवायला घेतली, आणि बघता बघता मास्ट्रिख्ट नेदरलँड्समधलं एक आघाडीचं औद्योगिक शहर झालं. भट्ट्या आणि वाफेची यंत्रं म्हटली की कोळसा आला. तो मिळत होता पूर्वेकडे, केर्कराडे आणि आखेनच्या परिसरात.

आखेनला १८४१ मध्येच कोलोनहून रेल्वे आली होती. १८४३ मध्ये ती पुढे बेल्जियममध्ये जाऊन अँटवर्पपर्यंत जोडली गेली. सीमा ओलांडून दोन देशांना जोडणारा हा युरोपातला सुरुवातीचा मोठा मार्ग. मास्ट्रिख्टपासून तीसेक किलोमीटरवर युरोपभरच्या गाड्यांचा रस्ता खुला झाला होता आणि मास्ट्रिख्ट त्यापासून तुटलेली होती. मग आखेनपर्यंत रूळ टाकायचे हे ओघानेच आलं.

आखेन-मास्ट्रिख्ट कंपनी आणि तिची खाण

या कामासाठी उभी राहिली आखेन-मास्ट्रिख्ट रेल्वे कंपनी. तिच्याबद्दलची मला सगळ्यांत बोलकी वाटणारी गोष्ट अशी की, रेल्वेबरोबर तिच्याकडे कोळशाची खाणही होती. केर्कराडेची डोमानियाल खाण मुळात रोल्डुक मठाची. तिथले मठवासी मध्ययुगापासून कोळसा काढत. फ्रेंच राजवटीत मठाची मालमत्ता सरकारजमा झाली आणि पुढे डच सरकारने ही खाण या रेल्वे कंपनीला ९९ वर्षांच्या कराराने चालवायला दिली. कोळसा वाहायला रेल्वे, आणि रेल्वे चालवायला कोळसा! प्रवासी हे त्या हिशेबात वरकमाई होते, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

मार्ग ख्यूल नदीच्या खोऱ्यातून आखला गेला. मास्ट्रिख्टहून मेर्सन, मग फाल्केनबर्ग, विल्रे, सिंपेलफेल्ट आणि पुढे सीमा ओलांडून आखेन. ख्यूल ही बेल्जियममधून येणारी, मास नदीला मिळणारी लहानशी नदी. लहान असली तरी डोंगरउतारावरून वेगाने वाहते. नेदरलँड्स म्हणजे सपाट, समुद्रसपाटीखालचा देश हे आपल्या डोक्यात पक्कं असतं. या भागात मात्र टेकड्या आहेत. त्या देशाच्या युरोपातल्या भूमीवरचं सर्वांत उंच ठिकाण, फाल्सरबर्ग, इथून जवळच आहे. उंची अवघी ३२२ मीटर, पण डच इंजिनाला तेवढा चढही भारीच. नदीच्या कडेकडेने जायचं आणि सिंपेलफेल्टच्या बाजूला वर चढायचं, हाच शहाणपणाचा मार्ग होता.

रुळांची रुंदीही बघण्यासारखी आहे. अ‍ॅमस्टरडॅमकडच्या सुरुवातीच्या डच रेल्वेने १,९४५ मिलिमीटरचे रुंद रूळ टाकले होते. शेजारच्या देशांमध्ये १,४३५ मिलिमीटरचे रूळ होते. आखेन-मास्ट्रिख्ट मार्ग पहिल्या दिवसापासून १,४३५ चा, कारण त्याला जुळायचं होतं प्रशियाशी, म्हणजे आखेन तेव्हा ज्या जर्मन राज्यात होतं त्याच्याशी, अ‍ॅमस्टरडॅमशी नाही. (पश्चिमेकडच्या हॉलंड कंपनीने आपले रुंद रूळ बदलले ते १८६६ मध्ये.) एका देशात दोन रुंदीचे रूळ असण्याचा त्रास काय असतो, हे मीटरगेज आणि ब्रॉडगेजच्या काळात गाड्या बदललेल्या आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

नेदरलँड्सची सीमा ओलांडणारी ही पहिली रेल्वे. रोझेंडालहून अँटवर्पकडे जाणारा मार्ग १८५४ मध्ये आला, आर्नहेमहून प्रशियाकडे जाणारा १८५६ मध्ये. म्हणजे १८५३ च्या अखेरीस फाल्केनबर्गच्या फलाटावरून निघालेला माणूस आखेनला गाडी बदलून कोलोनला जाऊ शकत होता, ब्रसेल्सला जाऊ शकत होता, तिथून पॅरिसही गाठू शकत होता. अ‍ॅमस्टरडॅमला मात्र रेल्वेने जायची सोय नव्हती! आपल्याच देशातल्या रेल्वेशी लिमबर्ग जोडला गेला तो १८६० नंतर, सरकारने स्वतः मार्ग बांधायला घेतल्यावर. मास्ट्रिख्ट ते फेन्लो हा सरकारी मार्ग १८६५ मध्ये पूर्ण झाला, पुढच्या वर्षी फेन्लो ते आइंडहोवन. त्याआधीच, १८५६ मध्ये, आखेन-मास्ट्रिख्ट कंपनीने आपले रूळ पश्चिमेला बेल्जियममधल्या हासेल्टपर्यंत नेले होते. एका बाजूला जर्मनी, दुसऱ्या बाजूला बेल्जियम, आणि मध्ये जाता जाता लागणारा थोडासा डच मुलूख, असा तो मार्ग होता. १८६७ मध्ये तो चालवायला घेतला तोही एका बेल्जियन कंपनीने, ग्रँड सेंट्रल बेल्जने. डच सरकारी रेल्वेकडे तो आला १८९८ मध्ये. तोपर्यंत फाल्केनबर्गचं स्टेशन पंचेचाळीस वर्षांचं झालं होतं.

पिवळ्या दगडाची इमारत

इमारतीचा आराखडा याकोबुस एन्स्खेदे याचा. लांबून पाहिलं तर स्टेशनपेक्षा छोटी गढी वाटते. बुरुजांसारखे उभे भाग, वर कंगोरे, एकूण थाट मध्ययुगीन किल्ल्याचा. युरोपात तेव्हा जुन्या गॉथिक शैलीचं पुनरुज्जीवन जोरात होतं. लोखंडी रूळ आणि वाफेचं इंजिन ही त्या काळातली सगळ्यांत नवी गोष्ट. तिला जुन्या किल्ल्याचे कपडे चढवावेसे वाटणं, हे त्या पिढीच्या मनाचं चित्र आहे.

पण इथे किल्ल्याची आठवण नुसती फॅशन म्हणून आली नसावी. फाल्केनबर्गच्या डोक्यावरच्या टेकडीवर खराखुरा पडका किल्ला आहे. नेदरलँड्समध्ये टेकडीवर बांधलेला किल्ला म्हणून तो एकमेव मानला जातो. १६७२ मध्ये फ्रेंचांशी युद्ध पेटलेलं असताना तो शत्रूच्या हाती लागू नये म्हणून तिसऱ्या विलेमच्या सैन्यानेच सुरुंग लावून उडवला. तेव्हापासून त्याचे अवशेष गावावर उभे आहेत. स्टेशनात उतरलेल्या प्रवाशाने आधी खालची ही छोटी गढी पाहायची आणि मग वर मान करून खरा किल्ला, असा योग जुळून आला आहे.

दगडाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण या इमारतीचं सगळं रूप त्यातच आहे. या भागातल्या टेकड्यांच्या पोटात फिकट पिवळसर, मऊ चुनखडक आहे. तिथे त्याला मेर्गेल म्हणतात. डायनोसोरांच्या युगाच्या अखेरीस इथे उथळ समुद्र होता, त्याच्या तळाशी साचलेल्या गाळाचा हा खडक. भूशास्त्रात त्या कालखंडाला मास्ट्रिख्टवरूनच नाव मिळालं आहे. हा दगड जमिनीखाली इतका मऊ असतो की करवतीने कापून त्याचे चिरे काढतात. बाहेर हवेत आला, आतला ओलावा निघून गेला, की वर कठीण कवच धरतं. आपल्या कोकणातला जांभा आठवावा, तोही खाणीतून निघताना मऊ आणि वारा-ऊन खाल्ल्यावर कडक. मेर्गेलचं हे कवच फार जपावं लागतं. साफसफाईच्या नावाखाली कुणी ते खरवडून काढलं, तर आतला मऊ दगड उघडा पडतो आणि पावसाने झिजायला लागतो. त्यामुळे अशा इमारतीची डागडुजी करताना वरची काळपट झाक दिसली तरी हात आखडता घ्यावा लागतो. जुना चिरा खराब झालाच, तर त्याच जातीचा चिरा लागतो. फाल्केनबर्गजवळच सिब्बे इथे भूमिगत खाणीतून बांधकामाचा मेर्गेल अजून काढला जातो, मुख्यतः जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीसाठी. स्टेशन संरक्षित राष्ट्रीय स्मारक आहे, तेव्हा त्याच्या भिंतीत सिमेंटचा गिलावा थापून मोकळं होता येत नाही.

शेकडो वर्षं असा दगड कापून नेल्यामुळे गावाखालच्या टेकड्या आतून पोकळ आहेत. उंच बोगदे, मधे सोडलेले दगडी खांब, भिंतींवर कोळशाने काढलेली चित्रं. लोक त्यांना गुहा म्हणतात, खरं तर त्या माणसाने केलेल्या खाणी. पुढे याच पोकळ टेकड्यांनी गावाला आणि पर्यायाने स्टेशनला जगवलं.

कोळशाच्या मार्गावर पर्यटक

मालगाड्यांसाठी आखलेल्या मार्गावर हवा पालटायला आलेली माणसं दिसू लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. सपाट प्रदेशात जन्म काढलेल्या डच माणसाला टेकडी, दरी, वळणावळणाची नदी आणि वर पडका किल्ला, हे सगळं परदेशी गेल्यासारखं वाटे, आणि तेही स्वतःच्याच देशात. १८८५ मध्ये फाल्केनबर्गमध्ये ‘ख्यूल खोरं’ नावाने पर्यटकांच्या सोयीसाठी संस्था निघाली. गावोगावच्या अशा संस्थांना नेदरलँड्समध्ये पुढे ‘व्हीव्हीव्ही’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. त्यांतली ही पहिली.

गावाने पाहुण्यांसाठी काय काय उभं केलं ते पाहिलं की चकित व्हायला होतं. १९१० मध्ये खाणीच्या बोगद्यांमध्ये रोममधल्या भूमिगत ख्रिस्ती दफनभूमींची हुबेहूब प्रतिकृती झाली. तिच्या कामात पिएर कॉयपर्स हे वास्तुकार होते. अ‍ॅमस्टरडॅमचं मध्यवर्ती स्टेशन आणि राइक्सम्युझियम ज्यांनी उभारलं, तेच कॉयपर्स. १९१६ च्या इथल्या खुल्या रंगमंचाचा आराखडाही त्यांचाच. देशातलं सगळ्यांत भव्य स्टेशन बांधणारा माणूस उतारवयात देशातल्या सगळ्यांत जुन्या स्टेशनच्या गावात काम करत होता, हे मला फार आवडतं. १९१७ मध्ये चुनखडकाच्या बोगद्यात कोळशाची नकली खाणही तयार झाली, कारण खरी कोळशाची खाण पर्यटकांना दाखवणं सोपं नव्हतं.

खऱ्या खाणी तेव्हा हाकेच्या अंतरावर जोरात चालल्या होत्या. १८९६ मध्ये सिटार्ड-हेर्लेन-हेर्झोगेनराट हा मार्ग सुरू झाला आणि हेर्लेनच्या आसपास एकामागून एक खाणी निघाल्या. फाल्केनबर्गवरून थेट हेर्लेनला जाता येईना, म्हणून १९१५ मध्ये शेजारच्या स्खिन-ऑप-ख्यूलपासून हेर्लेनपर्यंत फाटा काढला गेला. फाल्केनबर्गवरून जाणाऱ्या गाड्यांना आता दोन वाटा झाल्या, एक सिंपेलफेल्टवरून आखेनला आणि दुसरी हेर्लेनला. तेव्हा ही दुसरी वाट दुय्यम होती. आज तीच एकटी उरली आहे.

पुढे १९३४ मध्ये सिंपेलफेल्ट ते स्खासबर्ग हा आणखी एक मार्ग झाला. डोंगर फोडून, भराव घालून काढलेल्या या मार्गाचा खर्च किलोमीटरमागे दहा लाख गुल्डनच्या (तेव्हाचं डच चलन) घरात गेला, म्हणून लोक त्याला ‘मिलियनचा मार्ग’ म्हणू लागले. ते नाव अजून चालू आहे.

गुहांमधला सप्टेंबर

सीमेजवळ असण्याची किंमतही या गावाने मोजली. १८७२ मध्ये बिस्मार्कच्या जर्मनीने जेझुइट धर्मगुरूंना देशाबाहेर काढलं. त्यांच्यापैकी अनेकांनी सीमेपलीकडे डच भूमीवर आसरा घेतला, आणि १८९० च्या दशकात फाल्केनबर्गमध्ये त्यांचं मोठं महाविद्यालय उभं राहिलं. विसाव्या शतकातले एक प्रमुख कॅथलिक विचारवंत कार्ल रानर यांचं धर्मशास्त्राचं शिक्षण इथलंच. १९४२ मध्ये नाझींनी ते बळकावलं.

सप्टेंबर १९४४ मध्ये अमेरिकी सैन्य दक्षिणेकडून आलं. १४ सप्टेंबरला मास्ट्रिख्ट मुक्त झाली, पण ख्यूल नदीच्या रेषेवर जर्मनांनी काही दिवस तग धरला. नदीवरचे पूल उडवले गेले. गावातली माणसं दगडाच्या त्या जुन्या खाणींमध्ये दडून बसली, तोफगोळ्यांपासून सुरक्षित. १७ सप्टेंबरला गाव मुक्त झालं. ज्या बोगद्यांतून इमारतींसाठी चिरे निघाले, त्याच बोगद्यांनी गावकऱ्यांचे जीव वाचवले.

युद्धानंतर पर्यटन पुन्हा उभं राहिलं, आणि त्याला सायकल शर्यतींची जोडही होती. गावातून निघणारा कौबर्ग हा चढ सायकलस्वारांच्या जगात प्रसिद्ध आहे. १९३८ पासून २०१२ पर्यंत रस्त्यावरच्या सायकलिंगची जागतिक स्पर्धा पाच वेळा फाल्केनबर्गमध्ये झाली. अम्स्टेल गोल्ड रेस ही शर्यत तर दर वसंतात या चढावरून जाते.

एक वाट बंद होते

१७ डिसेंबर १९६५ रोजी तेव्हाचे अर्थव्यवहार मंत्री योप डेन आउल हेर्लेनच्या नाट्यगृहात उभे राहिले आणि लिमबर्गच्या खाणी बंद करणार असल्याचं त्यांनी जाहीर केलं. उत्तरेत ख्रोनिंगेनला नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला होता, कोळसा महाग पडू लागला होता. १९७४ च्या अखेरीस शेवटची खाण बंद झाली. ज्या कोळशासाठी १८५३ चा मार्ग बांधला, तो कोळसाच राहिला नाही.

मालवाहतूक आटली, माणसं मोटारीने जाऊ लागली. स्खिन-ऑप-ख्यूल ते सिंपेलफेल्ट या मूळ मार्गावरची नेहमीची प्रवासी वाहतूक १९८८ मध्ये थांबली, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सिंपेलफेल्टवरून आखेनला जाणारी गाडीही बंद पडली. म्हणजे ज्या आखेनसाठी स्टेशन बांधलं, त्या आखेनकडचे जुने रूळच निरुपयोगी झाले. नेमक्या याच वर्षांत युरोपातल्या सीमांवरची तपासणी नाहीशी होत होती आणि शेजारच्या मास्ट्रिख्टमध्ये १९९२ मध्ये युरोपीय संघाच्या करारावर सह्या झाल्या. कागदावर सीमा पुसली जात असताना तिच्यावरची रेल्वे मात्र बंद पडावी, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही. देशोदेशीच्या रेल्वे आपापल्या राजधान्यांचा विचार करतात. सीमेवरची गाडी कुणाच्याच जमाखर्चात बसत नाही, आणि खर्चाला कात्री लावताना ती पहिली जाते.

सुदैवाने ते रूळ गंजून गेले नाहीत. रेल्वेवर जीव असलेल्या स्वयंसेवकांनी दक्षिण लिमबर्ग वाफगाडी संस्था काढली. सिंपेलफेल्टचं स्टेशन त्यांचं ठाणं. स्खिन-ऑप-ख्यूल, सिंपेलफेल्ट आणि केर्कराडे या मार्गावर त्यांची वाफेची गाडी हंगामात ठरलेल्या दिवशी धावते. १८५३ च्या मार्गाचा एक तुकडा आणि १९३४ चा ‘मिलियनचा मार्ग’, दोन्ही त्यामुळे जिवंत राहिले. सिंपेलफेल्टहून जर्मन सीमेपर्यंत त्यांची जुनी रेल्वेबसही जाते.

आजच्या गाड्या

फाल्केनबर्गचा आजचा मार्ग ‘हॉयफलंड लाइन’ म्हणजे टेकड्यांच्या मुलखातला मार्ग म्हणून ओळखला जातो. मास्ट्रिख्टहून निघून मेर्सन, हाउतहेम, फाल्केनबर्ग, स्खिन-ऑप-ख्यूल करत हेर्लेन आणि पुढे केर्कराडे. सर्व ठिकाणी थांबणारी लोकल तासाला दोन. राष्ट्रीय रेल्वे कंपनीने इथून केव्हाच अंग काढून घेतलं. नेदरलँड्समध्ये मुख्य मार्ग राष्ट्रीय कंपनीकडे असतात, आणि आडबाजूचे मार्ग प्रांत सरकारं निविदा काढून ठरावीक वर्षांसाठी वेगळ्या कंपन्यांना देतात. या पद्धतीने डिसेंबर २००६ पासून इथे व्हेओलिया होती, डिसेंबर २०१६ पासून अरिव्हा आहे. अनेकांना खासगी कंपनी म्हटली की शंका येते. पण इथे गाड्या किती, कोणत्या वेळी, हे प्रांत सरकार करारात लिहून घेतं. अ‍ॅमस्टरडॅमच्या बाजूला बसून लिमबर्गच्या वेळापत्रकाचा विचार करणाऱ्यांपेक्षा मास्ट्रिख्टमध्ये बसलेल्यांना तिथली गरज जास्त कळते, असं मला वाटतं.

या व्यवस्थेमुळे नवख्या प्रवाशाची एका ठिकाणी हमखास गडबड होते. अ‍ॅमस्टरडॅमहून किंवा आइंडहोवनहून येणारी इंटरसिटी राष्ट्रीय कंपनीची. मास्ट्रिख्टला किंवा हेर्लेनला उतरून फाल्केनबर्गची गाडी पकडायची ती अरिव्हाची. नेदरलँड्समध्ये कार्ड टेकवून प्रवास सुरू करतात आणि उतरल्यावर पुन्हा टेकवून संपवतात, आता साधं बँकेचं कार्डही चालतं. पण कंपनी बदलली की मधेच राष्ट्रीय कंपनीच्या कार्ड वाचणाऱ्या खांबावर कार्ड टेकवून पहिला प्रवास संपवायचा आणि अरिव्हाच्या खांबावर टेकवून दुसरा सुरू करायचा. दोन्ही खांब एकाच स्टेशनात, कधी कधी एकाच फलाटावर असतात. गाडी बदलण्याच्या घाईत हे राहून जातं, आणि मग हिशेब चुकतो किंवा तपासनीस आल्यावर खजील व्हावं लागतं. खांबावरचं कंपनीचं नाव वाचून मगच कार्ड टेकवावं.

आइंडहोवनच्या तंत्रज्ञान कंपन्यांमुळे त्या शहरात आता मराठी कुटुंबं बरीच आहेत. त्यांच्यासाठी हा एका दिवसाचा सोपा प्रवास. आइंडहोवनहून मास्ट्रिख्ट तासाभरात, तिथून फाल्केनबर्ग दहा-बारा मिनिटांत. अ‍ॅमस्टरडॅमहून मास्ट्रिख्टपर्यंतच अडीच तासांच्या आसपास लागतात. स्टेशनवरून जुन्या गावात चालत जाता येतं. नाताळच्या आधीच्या आठवड्यांत गुहांमध्ये बाजार भरतो, तेव्हा मोटारींची ही झुंबड उडते आणि रेल्वेने आलेल्यांचंच बरं असतं.

जुलै २०२१ मध्ये ख्यूल नदीने पात्र सोडलं आणि फाल्केनबर्गच्या मधल्या वस्तीत पाणी घुसलं. घरं, हॉटेलं, दुकानं चिखलाने भरली, एक पूल कोसळला, माणसांना रातोरात हलवावं लागलं. पर्यटनावर जगणाऱ्या गावाचा ऐन उन्हाळी हंगाम वाहून गेला. धरणं-बंधाऱ्यांसाठी जगभर नावाजलेल्या देशाला समुद्राने नाही, तर एका छोट्या डोंगरी नदीने हे दाखवलं. गाव सावरलं, पण नदीला जागा कुठे द्यायची यावर तिथे अजून काम चालू आहे.

आता या गोष्टीतला सगळ्यांत अलीकडचा भाग. हेर्लेनच्या पुढे लांडग्राफ ते जर्मन सीमेपलीकडच्या हेर्झोगेनराटपर्यंतच्या रुळांवर विजेच्या तारा नव्हत्या. त्या बसवल्यावर २०१९ च्या सुरुवातीला मास्ट्रिख्ट ते आखेन थेट गाडी पुन्हा सुरू झाली, आणि ती फाल्केनबर्गला थांबते. वाट जुनी नाही, सिंपेलफेल्टऐवजी हेर्लेन आणि हेर्झोगेनराटवरून जाते, पण फाल्केनबर्गच्या फलाटावर चढून आखेनला उतरता येतं. जून २०२४ मध्ये हीच गाडी दुसऱ्या बाजूने बेल्जियममधल्या लिएजपर्यंत वाढवली गेली. १८३९ च्या तहाने मास्ट्रिख्टपासून तोडलेलं तेच लिएज. तिला ‘तीन देशांची गाडी’ म्हणतात आणि ती तासाला एक असते.

तीन देशांत चालवणं म्हणजे काय असतं, ते तारांमध्ये दिसतं. नेदरलँड्समध्ये तारेत १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह, बेल्जियममध्ये ३,००० व्होल्टचा एकदिश, जर्मनीत १५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती. तिन्ही देशांची सिग्नल आणि सुरक्षेची यंत्रणा निराळी. एवढं सगळं एकाच गाडीत बसवावं लागतं, ती प्रत्येक देशात तपासून मंजूर करून घ्यावी लागते, चालकाला तीन देशांचे नियम शिकावे लागतात. फ्लर्ट जातीच्या ज्या गाड्या इथे वापरतात, त्या यासाठीच खास बनवून घेतल्या आहेत. १८५३ मध्ये रुळांची रुंदी जुळवली की काम भागत होतं. आता रूळ जुळतात, पण तारेतली वीज जुळत नाही.

तेव्हा फाल्केनबर्गला जायचं असेल आणि मधल्या छोट्या गावांत उतरायचं नसेल, तर लिएज-आखेन गाडी बघावी. मेर्सन, मग फाल्केनबर्ग, मग थेट हेर्लेन असे तिचे थांबे. हाउतहेम किंवा स्खिन-ऑप-ख्यूलला उतरून नदीकाठाने चालत फाल्केनबर्ग गाठायचं असेल तर लोकल. वाफेच्या गाडीसाठीही स्खिन-ऑप-ख्यूललाच उतरावं लागतं, आणि ती रोज नसते, म्हणून निघण्याआधी तिचं वेळापत्रक पाहून घ्यावं.